सकाळपर्यंत बघू म्हणणारी माणसं

आमच्या घरातली आधीची पिढी बहुतेक हृदयानंच गेली. आता आम्ही चुलत-आते भावंडं साठीच्या पुढे आलो आहोत आणि लग्नाकार्यात एकत्र बसलो, की बोलणं फिरून त्याच माणसांवर येतं. आप्पा पान कसं लावायचे, अक्का कुणाला कशी दामटायची, नाना गाडीच्या वेळेआधी तासभर स्टेशनवर कसे जाऊन बसायचे, हे सगळं झालं, की कुणीतरी हळूच म्हणतं, "अक्काच्या वेळी हृदयाची ही रक्ताची टेस्ट असती तर?" त्या प्रश्नाचं उत्तर मी बरीच वर्षं शोधतो आहे. मी डॉक्टर नाही. शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे रक्तातल्या एखाद्या द्रव्याचा आकडा कसा काढतात याची उत्सुकता कायम राहिली, आणि घरातल्या प्रत्येक आजारपणात रिपोर्ट वाचायचं काम माझ्याकडे आलं.

मिरजेतलं आमचं घर मोठं होतं, तरी माणसांना कधी पुरलं नाही. आप्पा, नाना, बाबा आणि धाकटे काका असे चौघे भाऊ, त्यांचे संसार, तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली अक्का, म्हणजे आमची आत्या, आणि आम्ही मुलं. शिवाय पाहुणे. मिरजेच्या घराला पाहुणे चुकत नसत, कारण हे दवाखान्यांचं गाव. वानलेस साहेबांनी १८९४ साली इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून अथणी, विजापूर, बेळगाव, पंढरपूर अशा चहूबाजूंनी पेशंट रेल्वेनं येत. आमच्या लांबच्या नात्यातलं कुणी ना कुणी तिथं ॲडमिट असे आणि सोबतीची माणसं आमच्या सोप्यात पथारी टाकत. थोरली काकू पहाटे उठून मऊ भात आणि मुगाचं वरण डब्यांत भरायची, शाळेला जाता जाता आम्ही ते पोचवायचो. वॉर्डातल्या लोखंडी खाटा, फिनेलचा वास, कानडी-मराठी मिसळलेली बोलणी, यांतच आमचं बालपण गेलं. कोण बरं होऊन घरी जाणार आणि कोणाच्या माणसांना तार करावी लागणार, हे काकूला पेशंटचा चेहरा बघून कळे, असं घरात सगळे मानत.

दुसऱ्यांच्या आजारपणात रात्र रात्र जागणारी ही माणसं स्वतःचं दुखणं मात्र सांगत नसत. सांगितलंच, तर लहान करून. छातीत कळ आली तर गॅस धरलाय, हात भरून आला तर उसण भरली, दरदरून घाम सुटला तर उकडतंय. आणि रात्रीची वेळ असली तर "सकाळपर्यंत बघू". डॉक्टरांची झोपमोड नको, पोरांची परीक्षा आहे, महिनाअखेर आहे, एवढं सगळं त्या दोन शब्दांत असायचं. मला त्यांचा राग येत नाही. त्यांच्या सोसण्यावरच आमची शिक्षणं झाली. पण हृदयाच्या बाबतीत ही रीत त्यांना फार महागात पडली.

आप्पांना पहिला झटका आला तो १९६९चा पावसाळा. मी तेव्हा पाचवीत असेन. छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं वाटतंय, एवढंच ते म्हणाले आणि भिंतीला टेकून खाली बसले. फॅमिली डॉक्टर स्कूटरवरून आले, सुई दिली, टांग्यातून आप्पांना हॉस्पिटलात नेलं. कार्डिओग्राम निघाला आणि रक्त घेतलं. त्या रक्ताच्या रिपोर्टवर एसजीओटी अशी अक्षरं होती, ती मी पहिल्यांदा तिथं वाचली. पुढे कॉलेजात गेल्यावर कळलं, की १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये लाड्यू, व्रोब्लेव्स्की आणि कार्मेन या तिघांनी ही वाट शोधली होती. हृदयाच्या स्नायूचा तुकडा मेला, की त्याच्या पेशींतलं हे विकर रक्तात उतरतं. काही तासांनी चढू लागतं, दिवस-दीड दिवसात टोकाला जातं आणि तीन-चार दिवसांत ओसरतं. त्यामुळे सलग दोन-तीन दिवस रक्त घेऊन चढ-उतार बघत. छातीतलं दुखणं, कार्डिओग्राममधला बदल आणि विकरांची चढ, या तिघांपैकी दोन खुणा मिळाल्या, की झटका नक्की, असा तेव्हाचा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष होता.

आप्पांचा आकडा चढला. पण चढला म्हणून करायचं काय, याला तेव्हा उत्तर नव्हतं. उपचार म्हणजे पडून राहणं. बॉस्टनच्या लेव्हाइन आणि लाउन या डॉक्टरांनी १९५२ सालीच झटक्याच्या पेशंटांना लवकर खुर्चीत बसवावं असं लिहून ठेवलं होतं, पण ते आमच्यापर्यंत पोचायला वेळ लागला. आप्पा कित्येक आठवडे उताणे. कूस बदलायची तर दोघांनी धरायचं. उशाशी ट्रान्झिस्टर, आणि दुपारी अक्का वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचून दाखवायची. त्या दिवसांत आप्पांचं पानही सुटलं. नंतर सात वर्षं ते जगले ते जिभेखालच्या गोळीच्या आधारानं. सॉर्बिट्रेटची पट्टी सदऱ्याच्या खिशात, आणि पांढऱ्याशुभ्र लॅनॉक्सिनच्या गोळीला शनिवार-रविवार सुट्टी. १९७६ साली दुसरा झटका आला. त्या वेळी रक्त घ्यायलाही सवड मिळाली नाही.

मधल्या काळात एलडीएच या विकराची तपासणी आली, मग सीपीकेची. सीपीके लवकर चढायचं, पण त्यात एक मोठी अडचण होती. आमच्याकडे डॉक्टर आले, की आधी कमरेत सुई टोचत, आणि तशा सुईनं दंडा-कमरेच्या स्नायूला झालेल्या इजेमुळेही सीपीके वाढतं. दिवसभर पोती उचललेल्या हमालाचंही वाढतं. म्हणजे वाढलेला आकडा हृदयाचा की कमरेचा, हे सांगता येईना. हृदयात जास्त असणारा त्याचा एमबी हा प्रकार वेगळा मोजायला लागल्यावर हा घोळ पुष्कळ कमी झाला.

अक्काचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण आमच्या घराला सगळ्यांत जास्त बोचलेलं तेच आहे.

अक्का म्हणजे घराचा कणा. हळद-तिखटाची वर्षाची बेगमी, सांडगे-पापड, दिवाळीचा फराळ, बाळंतिणींचे डिंकाचे लाडू, सगळं तिच्या हातचं. मधुमेह तिला पन्नाशीपासून होता आणि तो ती कडू कारल्याच्या रसावर आणि एका गोळीवर रेटत होती. १९९१च्या चैत्रात घरी हळदीकुंकू होतं. डाळ वाटून झाली, पन्हं झालं, बायका येऊन गेल्या आणि अक्का माजघरात खांबाला टेकून बसली. चेहरा पांढरा, कपाळावर घाम, पोटात मळमळ. छातीत दुखतं का, असं आईनं विचारलं. नाही म्हणाली. खरंच दुखत नव्हतं. "उन्हाचं पित्त खवळलंय, दिवसभर पोटात काही नाही ना," म्हणाली. सूतशेखर घेतलं, कोकमाचं पाणी घेतलं, एकदा उलटी झाली आणि जरा बरं वाटल्यासारखं झालं. डॉक्टरांना बोलवायला मी निघालो, तर तिनंच थांबवलं. "आता कुठं जातोस, सकाळपर्यंत बघू." पहाटे ती संडासाला जाऊन आली तर ओसरीच्या पायरीवरच बसली, उठवेना.

कार्डिओग्राममध्ये झटका स्पष्ट होता, होऊन बरेच तास गेलेला. सीपीके-एमबी वाढलेलं होतं. स्ट्रेप्टोकायनेझ हे रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध तोवर मिळू लागलं होतं. १७,१८७ पेशंटांवरचा आयसिस-२ हा मोठा अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला होता आणि त्यात हे औषध व साधी ॲस्पिरीन दोन्ही मिळालेल्यांत पाच आठवड्यांतले हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांचे मृत्यू १३.२ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले होते. पण हे औषध वेळेशी बांधलेलं असतं. पहिल्या काही तासांत दिलं, तर स्नायू वाचतो. अक्काचे ते तास माजघरात खांबाला टेकून गेले.

अशी अक्का एकटी नव्हती. अमेरिकेतल्या ४,३४,८७७ झटक्याच्या पेशंटांच्या नोंदींचा अभ्यास २००० साली छापून आला. त्यांतल्या एक तृतीयांश लोकांच्या छातीत दुखलंच नव्हतं. ही माणसं सरासरीनं ७४ वर्षांची होती, छातीत दुखलेली ६७ वर्षांची. न दुखणाऱ्यांत बायका जास्त, मधुमेही जास्त. ती उशिरा हॉस्पिटलात पोचली आणि त्यांतली २३ टक्के तिथंच दगावली. छातीत दुखलेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होतं. हे वाचलं तेव्हा अक्काचा घामेजलेला चेहरा डोळ्यांपुढे उभा राहिला. दुखत नाही म्हणजे धोका नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो, आणि तेव्हाच्या बऱ्याचशा दवाखान्यांतही तसंच धरत.

त्या चैत्राच्या दोनच वर्षं आधी, १९८९ साली, जर्मनीत हायडेलबर्गला ह्यूगो काटुस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रोपोनिन टी मोजायची रीत प्रसिद्ध केली होती. ट्रोपोनिन हे स्नायूच्या आकुंचनाचं नियमन करणारं प्रथिन. जपानचे सेत्सुरो एबाशी यांनी ते साठच्या दशकात शोधलं. हृदयातल्या ट्रोपोनिनची घडण हातापायांच्या स्नायूंतल्यापेक्षा वेगळी असते, म्हणून रक्तात ते सापडलं तर इजा हृदयालाच झाली असं म्हणता येतं. कमरेतल्या सुईचा गोंधळ तिथं संपला. २००० साली युरोप आणि अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून झटक्याची व्याख्याच नव्यानं केली आणि तिच्या मध्यभागी ट्रोपोनिन आणून ठेवलं.

म्हणून "अक्काच्या वेळी ही टेस्ट असती तर" याचं माझं उत्तर असं आहे: टेस्ट असती तरी ती हॉस्पिटलात असती, आणि अक्का घरात होती. तिला वाचवायला रक्ताच्या तपासणीआधी एक रिक्षा लागत होती. त्यानंतर अक्का दोन वर्षं होती. जिना चढणं बंद, अळणी जेवण, दुपारभर खाटेवर. पापडाची लाटी करायला कुणी दिली, तर तेवढ्यानंही तिला दम लागायचा. १९९३ साली ती गेली.

नानांचा आजार निराळा. त्यांना झटका असा कधी आलाच नाही. रेल्वेत नोकरी केलेला, ब्लडप्रेशर जुनं, गोळी आठवेल तशी घेणारा माणूस. निवृत्तीनंतर रात्री दम लागू लागला. आडवं झालं, की श्वास कोंडायचा, मग उठून खिडकीशी बसायचे. एका उशीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन, आणि शेवटी आरामखुर्चीतच झोप. दमा समजून डेरिफायलिन झालं, पंप झाला, अडुळशाचा काढा झाला. पायावर सूज दिसू लागली तेव्हा कुठं एका डॉक्टरांनी बोट दाबून खड्डा किती वेळ राहतो ते पाहिलं, मानेची शीर पाहिली आणि हे हृदय थकल्याचं लक्षण आहे असं सांगितलं. लॅसिक्स सुरू झाली, दोन दिवसांत नाना आडवे झोपले. सांगलीचा भडंग त्यांना जीव की प्राण होता, तो मिठापायी सुटला. पाहुणे भडंग आणायचे तर नाना कागदाची पुडी हुंगून परत द्यायचे.

दम फुप्फुसाचा की हृदयाचा, हे सांगणारी रक्ताची खूण नानांच्या हयातीतच जगात सापडली होती. कॅनडात आदोल्फो द बोल्ड यांनी १९८१ साली उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तर त्यांच्या लघवीवाटे मीठ आणि पाणी भराभर बाहेर पडलं. म्हणजे हृदय हे नुसतं रक्त ढकलत नाही, ते संप्रेरकही सोडतं. १९८८ साली जपानी संशोधकांना डुकराच्या मेंदूत त्याच कुळातलं बीएनपी सापडलं, आणि पुढे दिसलं, की माणसात ते मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून येतं. कप्पा ताणला गेला, की सुटतं. भार वाढलेलं हृदय मीठ-पाणी बाहेर काढायला मूत्रपिंडाला असा निरोप धाडतं, आणि तोच निरोप प्रयोगशाळेत मोजला जातो. २००२ साली दम लागून इमर्जन्सीत आलेल्या १,५८६ पेशंटांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बीएनपी १००च्या वर असेल तर हृदयाचा दम, खाली असेल तर बहुधा दुसरा, एवढ्या एका रेषेनं निदान ८३ टक्के वेळा बरोबर आलं. नाना २००१ साली गेले होते. त्यांची दम्याच्या औषधांवर घालवलेली वर्षं एका परीक्षानळीनं वाचली असती, असं मला मनापासून वाटतं. अक्काच्या बाबतीत मी तसं म्हणत नाही, नानांच्या बाबतीत म्हणतो.

धाकटे काका या सगळ्यांतून शिकले. डॉ. अभय बंग यांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक त्यांच्या उशाशी असे, फिरणं नेमानं, तंबाखू कायमची बंद. २०१६ साली एका रात्री छाती आवळल्यासारखी झाली, तर काकूंनी "सकाळपर्यंत" हा शब्दच तोंडातून निघू दिला नाही. शेजारच्या मुलाला उठवून गाडी काढली. कार्डिओग्राम जुन्यासारखाच निघाला, पण ट्रोपोनिन मर्यादेच्या वर. आमच्या पुढच्या पिढीचे फोनवर फोन सुरू झाले. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरीणबाई मात्र शांत होत्या. त्यांनी आधी विचारलं, "आजोबांचे जुने रिपोर्ट आहेत?" काकूंनी पिशवीतून फाइल काढली. वर्षापूर्वीच्या आजारपणातलं ट्रोपोनिन जवळपास तेवढंच होतं, आणि मूत्रपिंडाची अवस्था सांगणारं क्रिएटिनिनही वाढलेलं. तीन तासांनी रक्त पुन्हा घेतलं. आकडा जागेवरून हलला नव्हता.

त्या बाईंनी मला जे समजावलं ते मी अजून सगळ्यांना सांगतो. ताज्या झटक्यात आकडा काही तासांत वर जातो किंवा उतरतो. म्हाताऱ्या माणसात, मूत्रपिंड अशक्त असेल तर, तो कायमचाच थोडा वर असू शकतो. म्हणून एक आकडा बघून भागत नाही, दोन आकड्यांतला फरक बघायचा. अर्थात कार्डिओग्राममध्येच मोठा झटका दिसत असेल, तर रक्ताच्या रिपोर्टसाठी थांबत नाहीत, उपचार लगेच सुरू होतात.

पण आकडा हलला नाही म्हणून तो सोडून द्यायचा असंही नाही. अमेरिकेत पासष्टीपुढच्या ४,२२१ लोकांचं रक्त अतिसंवेदनशील पद्धतीनं तपासलेला अभ्यास २०१० साली आला. यांना हृदय थकल्याचं निदान झालेलं नव्हतं, तरी दोन तृतीयांश लोकांच्या रक्तात ट्रोपोनिन मोजण्याइतकं होतं. ज्यांचं जास्त, त्यांना पुढच्या वर्षांत हृदय थकण्याचा आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका जास्त, आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा मोजल्यावर ज्यांचं बरंच वाढलं त्यांना आणखी. काकांना त्या रात्री घरी पाठवलं, पण औषधं बदलून आणि दर तीन महिन्यांची तारीख देऊन. ती चार वर्षं त्यांनी चांगली काढली. नातीचं लग्न पाहिलं, पंढरपूरला जाऊन आले. शेवटी हृदय थकूनच गेले. त्या आकड्यानं जे सांगितलं होतं ते खरं होतं, आणि सांगितल्यामुळे आम्हाला चार वर्षं त्यांच्याकडे नीट लक्ष देता आलं.

त्या पिढीतले आता बाबा तेवढे आहेत, नव्वदीकडे आलेले. परवा त्यांचा एनटी-प्रोबीएनपीचा, म्हणजे बीएनपीच्याच जातीच्या तपासणीचा, रिपोर्ट मोबाइलवर आला. आकडा हजाराच्या पुढे, आणि शेजारी मर्यादा छापलेली १२५. पुण्यातली नात रडायलाच लागली. मी तिला सांगितलं ते इथंही सांगतो. ती छापील मर्यादा सगळ्या वयांसाठी एकच असते. अचानक दम लागलेल्या पेशंटात हृदय थकल्याचं निदान करताना डॉक्टर पन्नाशीच्या आत ४५०, पन्नास ते पंच्याहत्तरात ९०० आणि पंच्याहत्तरीपुढे १८०० अशा वेगळ्या पायऱ्या धरतात. वय, मूत्रपिंड, नाडीची अनियमितता यांनी आकडा चढतो, लठ्ठपणानं उतरतो. तीनशेच्या खाली असेल तर तो दम बहुधा हृदयाचा नाही. बाबांना दम नव्हता, सूज नव्हती, वजन वाढलेलं नव्हतं. त्यांच्या डॉक्टरांनी इको केला, मीठ आणखी कमी केलं आणि सहा महिन्यांनी पुन्हा बघू म्हणाले. लाल अक्षरातला आकडा कुटुंबाच्या ग्रुपवर टाकून घाबरं होण्यापेक्षा तो आणि तो माणूस दोघांनाही डॉक्टरांसमोर नेऊन बसवणं बरं.

पण कुठलाही आकडा कामी यायचा, तर माणूस आधी हॉस्पिटलात पोचावा लागतो. भारतातल्या २०,४६८ पेशंटांची क्रिएट ही नोंद २००८ साली प्रसिद्ध झाली. मोठा झटका आलेल्यांना दुखू लागल्यापासून हॉस्पिटलात पोचायला लागलेला मध्यक वेळ ३०० मिनिटं होता. म्हणजे निम्म्या लोकांना पाच तासांहून जास्त. एवढ्या वेळात काय होतं, ते आमच्या माजघरानं पाहिलेलं आहे.

तुमच्या घरात साठीपुढचं कुणी असेल, तर आजच एक फाइल करा. शेवटचा कार्डिओग्राम, इको, क्रिएटिनिन, ट्रोपोनिन किंवा बीएनपी कधी केलं असेल तर ते, आणि चालू औषधांची यादी तारखेसह. ती कुठं ठेवली आहे हे घरातल्या दोघांना तरी ठाऊक असू द्या. आणि आजी-आजोबांना अचानक घाम, मळमळ, दम, गळाठा किंवा भ्रम झाला, छाती, जबडा, पाठ, हात यांत दुखू लागलं, तर पित्त म्हणून औषध शोधत बसू नका आणि घरी रक्त न्यायला लॅबवाल्यालाही बोलावू नका. १०८ला फोन करा. ट्रोपोनिनची तपासणी हॉस्पिटलात कार्डिओग्रामच्या जोडीनं, आणि लागली तर पुन्हा, करायची असते. त्यासाठी माणूस तिथं वेळेत पोचलेला असला पाहिजे.